कदम बदल

चौथ्या रांगेतल्या त्या मुलीचा पाय चुकला होता. बाकी सगळ्यांचा डावा पुढे आणि हिचा एकटीचा उजवा.

फोटो पोस्टकार्डाएवढा, कडेने पिवळा पडलेला. नॉर्थहॅम्प्टनच्या एका गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान आहे, तिथे तो हाती लागला. मॅसॅच्युसेट्समधलं हे छोटं गाव. लेक शेजारच्या अ‍ॅमहर्स्टला विद्यापीठात संशोधन करते आणि राहते इथे. मी गेल्या वर्षी कॉलेजातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर तिच्याकडे काढायला आले. ती दुकानात दिव्याची शेड शोधत होती आणि मी बुटांच्या खोक्यात उभे रचलेले फोटो एकेक करून पुढे ढकलत होते. कुणाचं लग्न, कुणाचं बाळ, कुणाची नवी गाडी. माणसं गेली, घरं रिकामी झाली आणि फोटो खोक्यात आले. त्यातच हा निघाला. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि रस्ता भरून चालत येणाऱ्या गणवेशातल्या बायका. गडद कोट, टोप्या, खांद्याला अडकवलेल्या पिशव्या. मागे पेन्सिलीने फक्त किंमत लिहिलेली, ४ डॉलर. साल नाही, नाव नाही. लेक खांद्यावरून डोकावून म्हणाली, “घे की आई, आवडलाय तर.” मी म्हटलं, “कशाला उगाच? आपल्याच फोटोंना घरात जागा नाही.” आणि फोटो होता तिथे ठेवून दिला.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली, आणि तो उजवा पाय काही डोळ्यांपुढून हलेना.

पाय चुकणं म्हणजे काय, हे ज्याने परेड केली आहे त्यालाच कळतं. मी रत्नागिरीला कॉलेजात असताना तीन वर्षं एनसीसीत होते. जांभ्याचं मैदान, पावसाळा सरला की लाल धूळ, आणि सकाळी साडेसहाला त्या धुळीत उभ्या आम्ही तीस-पस्तीस मुली. आदल्या रात्री पट्ट्याचं पितळी बक्कल ब्रासो लावून घासायचं. त्याचा वास बोटांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यायचा, डबा खातानासुद्धा. आम्हाला शिकवायला सैन्यातले एक हवालदार होते. त्यांना सगळ्या उस्ताद म्हणायच्या. “लंबा दाहिने, छोटा बाएँ” असा हुकूम आला की मी न बघताच डाव्या टोकाला जाऊन उभी राहायची, कारण माझ्याहून बुटकी कुणी नव्हतीच. आखूड पायांचा तोटा चालताना कळायचा. ओळीच्या उजव्या टोकाची मुलगी ढांगा टाकायची, आम्ही डावीकडच्या तिला गाठायला धडपडायचो आणि त्या धडपडीत पाय चुकायचा. आपला पाय चुकलाय हे पायाला आधी कळतच नाही. ते कानाला कळतं. तीस टाचांचा एक आवाज येतो आणि त्याच्या मागे अर्ध्या क्षणाने आपली एकटीची टाच वाजते. तेवढ्याने कानशिलं तापायची. उस्ताद ओरडायचे नाहीत. शेजारून चालत यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, “नीचे मत देखो. रुको मत. कदम बदल.”

कदम बदल ही खरं तर कवायतीतली एक साधी क्रिया. चालता चालता डावा पाय पडला की उजवा त्याच्या टाचेशी आणून टेकवायचा आणि लगेच पुन्हा डावाच पुढे टाकायचा. थांबायचं नाही, रांग सोडायची नाही. एका ठोक्यात बसायला हवं. जमलं तर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी फोर्ब्स लायब्ररीत बसायला लागले. गावाची सार्वजनिक लायब्ररी आहे, दगडी, उंच खिडक्यांची, आत उबदार. लेक सकाळच्या बसने गेली की मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून तिथे चालत जायची. त्या बायका कोण होत्या ते कळायला फार वेळ लागला नाही. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने स्त्री अधिकारी तयार करायची शाळा इथे काढली होती, याच गावातल्या स्मिथ कॉलेजात. ३० जुलै १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायद्यावर सही केली आणि ऑगस्ट संपायच्या आत पहिली तुकडी इथे हजर झाली. या स्त्री-शाखेचं नाव वेव्ह्ज. लाटा. नाव एका प्राध्यापिकेनेच बसवलं होतं, बर्नार्ड कॉलेजच्या एलिझाबेथ रेनार्ड यांनी. एकेक अक्षर सोडवलं की त्याचा अर्थ साधारण असा होतो: आणीबाणीच्या काळातल्या सेवेसाठी स्वीकारलेल्या स्वयंसेवी स्त्रिया. त्यातला आणीबाणी हा शब्द त्यांनी जाणूनबुजून घातला. जुन्या अ‍ॅडमिरलांना धीर वाटावा, की या बायका काही कायमच्या राहायला आलेल्या नाहीत.

त्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्या घरांतही बाईला नवं काही करायचं असलं की असाच एखादा शब्द आधी ठेवावा लागतो. तात्पुरतं. हे बरे होईपर्यंत. धाकट्याचं शिक्षण होईपर्यंत. मी नोकरीला लागले तेव्हा आईने शेजारच्या काकूंना सांगितलं होतं, “लग्न ठरेपर्यंत जाईल.” ती तात्पुरती नोकरी मी तेहतीस वर्षं केली.

स्मिथ कॉलेज लायब्ररीच्या अगदी शेजारी. दुपारी वाचून डोळे दुखायला लागले की मी आवारात जायची. कुणी अडवत नाही. खाली पॅरडाइज पाँड नावाचं तळं आहे, एका छोट्या नदीला बांध घालून केलेलं, आणि त्या दिवसांत त्यावर मेपलची तांबडी पानं तरंगत असतात. वर काचेची हरितगृहं. तिथे दर नोव्हेंबरात शेवंतीचं प्रदर्शन भरतं. मी आत शिरले आणि पाय जागीच थांबले. ओल्या मातीचा, जरासा कडवट असा तो शेवंतीचा वास, आमच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारचा वास, बारा हजार किलोमीटरवर अंगावर आला. काही शेवंत्या काशाच्या वाटीएवढ्या, काही लांब तारांवर चढवून धबधब्यासारख्या खाली सोडलेल्या. आपल्याकडे ही फुलं वेणीत जातात नाहीतर देवापुढे. इथे प्रत्येक झाडाशी नावाची पाटी.

नॉर्थ्रप, गिलेट, केपन ही तीन वसतिगृहं तेव्हा नौदलाला दिली होती. शिवाय गावातलं हॉटेल नॉर्थहॅम्प्टन. जेवण हॉटेलातल्या विगिन्स टॅव्हर्नमध्ये. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा या मुली हॉटेल ते कॉलेज, कॉलेज ते हॉटेल अशा रांगेने गावातून चालत असणार. फोटो त्याच रस्त्याचा असावा असं मला वाटतं, पण झाडं आता ती राहिलेली नाहीत. मुली तरी कशाला म्हणायचं, वीस ते एकोणपन्नास एवढी वयाची मर्यादा होती. शिक्षिका होत्या, ग्रंथपाल होत्या, कचेऱ्यांत काम करणाऱ्या होत्या. बहुतेकींकडे पदवी. साधारण दोन महिन्यांत त्यांना अधिकारी करायचं होतं. नौदलाची रचना, कायदा, इतिहास, पत्रव्यवहार, संदेशवहन, आणि जहाजं-विमानं नुसत्या आकारावरून ओळखायची. पहिला महिना त्या शिकाऊ खलाशी, मग मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, मग खांद्यावर हुद्दा. संदेशवहनाचं पुढचं शिक्षण जवळच्या माउंट होल्योक कॉलेजात. तिथून कितीजणी वॉशिंग्टनला सांकेतिक संदेश फोडायच्या कामाला गेल्या, आणि तिथे काय केलं ते घरातही कुणाला कधी बोलल्या नाहीत.

मला सगळ्यात चटका लावला तो त्यांच्या भाषेने. नौदलात शिरलं की जमिनीवरच्या इमारतीलाही जहाज समजायचं. फरशी म्हणजे डेक. भिंत म्हणजे बल्कहेड. जिना म्हणजे लॅडर. कॉलेजच्या जुन्या लाकडी जिन्यावरून उतरताना त्या शिडी उतरत होत्या. समुद्र इथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. आणि कायदाच असा, की या स्त्रियांनी लढाऊ जहाजावर नेमणूक घ्यायची नाही, सुरुवातीला तर देशाबाहेरही जायचं नाही. जहाजाची भाषा बोलायची, जहाजांचे आकार पाठ करायचे, आणि जहाजावर कामाला कधी जायचं नाही.

रात्री जेवताना हे लेकीला सांगितलं. ती पोळीचा तुकडा हातात धरून म्हणाली, “मग त्यांना राग नाही आला?”

मला उत्तर देता आलं नाही. आला असेल. आणि तरीही सकाळी उठून टोपी नीट बसवून त्या रांगेत उभ्या राहिल्या असतील. दोन्ही एकाच बाईच्या पोटात मावतं हे मला ठाऊक आहे, पण सत्तावीस वर्षांच्या मुलीला कसं समजावणार?

या गावाच्या नावाची एक क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका होती, यूएसएस नॉर्थहॅम्प्टन. १९२९ मध्ये ती पाण्यात सोडली तेव्हा तो मान इथल्याच ग्रेस कूलिज यांना मिळाला होता, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या पत्नी. पती निवर्तल्यावरही त्या याच गावात राहिल्या. १९४२ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रात्री पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटाजवळ तासाफारोंगाच्या लढाईत जपानी टॉर्पेडोंनी ती क्रूझर बुडवली. त्याच दिवसांत इथे शाळा भरात होती. मी एल्म स्ट्रीटवर उभी राहून ते डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. नोव्हेंबर सरत आलेला, लवकरच अंधारायला लागलेलं, बुटांखाली कुजकी पानं, आणि जहाजांच्या काळ्या आकृत्या पाठ करणाऱ्या मुली. त्यांच्या गावाच्या नावाची आकृतीही त्यांत असेलच. बातमी आली त्या दिवशी वर्गात काय झालं असेल? मला वाटतं, काहीही झालं नसेल. तास झाला असेल, रांग लागली असेल, जेवायला गेल्या असतील. युद्धात असंच होत असावं.

आता वजनाच्या गोष्टीकडे यायला हवं. इतके दिवस मी ती टाळतेच आहे.

फोर्ब्स लायब्ररीत वाचताना एके दुपारी ग्रेस हॉपर समोर आल्या. नाव माहीत होतं. कॉम्प्युटरवाल्या सगळ्यांना असतं. माणसाला समजेल अशा शब्दांत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर घडवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांतल्या त्या. त्या या शाळेत शिकल्या होत्या, हे मात्र मला माहीत नव्हतं. व्हॅसर कॉलेजात गणित शिकवायच्या. चांगली नोकरी, येलची डॉक्टरेट. युद्ध सुरू झालं आणि त्यांना नौदलात जायचंच होतं, पणजोबा नौदलात अधिकारी होते. पण वय जास्त भरलं, आणि वजन कमी. नौदलाला किमान १२० पौंड हवे होते, त्या भरल्या १०५. म्हणजे ४८ किलोसुद्धा नाही. शिवाय गणिताच्या प्राध्यापिकेने शिकवतच राहावं असंही सरकारला वाटत होतं. त्यांनी वजनाची सवलत मिळवली, कॉलेजातून रजा मिळवली आणि १९४३ च्या डिसेंबरात शपथ घेतली. सदतिसाव्या वर्षी त्या याच रस्त्यांवर कवायत करत होत्या, आपल्या विद्यार्थिनी शोभतील अशा मुलींच्या रांगेत. आणि त्यांना ते आवडलं. सकाळी काय घालायचं एवढंही आपण ठरवायचं नाही, याचंच त्यांना सुख वाटलं. वर्गात त्या पहिल्या आल्या.

मी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

१९९२ साल. मी एमएस्सी होऊन वर्ष झालं होतं, तासिका तत्त्वावर शिकवत होते. आपल्या नौदलाने त्या वर्षी पहिल्यांदा मुलींना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. पुरवठा, कायदा आणि शिक्षण या शाखांमध्ये. शिक्षण शाखेत गणितवाल्यांना जागा होती. अण्णांनी पेपरातली जाहिरात ब्लेडने नीट कापून माझ्या वहीत ठेवली. बोलले काहीच नाहीत. अण्णा पोस्टात होते आणि संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसायचे. लांबून जाणारं जहाज दिसलं की कुठून कुठे चाललं असेल ते आम्हाला सांगायचे. नौदल अकादमी तेव्हा गोव्यात होती, तीही मांडवीच्याच काठी. आमची मांडवी धक्क्याची, ती नदीची. मला त्या वयात तोही शकुन वाटला होता. मी अर्ज आणला, भरला, फोटो चिकटवला. जाहिरातीत उंचीच्या प्रमाणात वजन हवं असं होतं. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, “वजनात बसशील का तू? काडी झालीय नुसती.”

एसटी स्टँडवर वजनाचं यंत्र होतं. रंगीत दिवे लुकलुकणारं, आत चकत्या फिरणारं. नाणं टाकलं की खडखडाट व्हायचा आणि खालच्या फटीतून जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी दुपारी गेले, गर्दी नसते तेव्हा. कंडक्टरांची हाळी, डिझेलचा वास, उन्हाने तापलेली यंत्राची कड. तिकिटावर ४१ आले. मी चपला घालून उभी होते. चपला काढून पुन्हा नाणं टाकायची हिंमत झाली नाही. घरी आले, अर्ज वहीत ठेवला, वही कपाटात ठेवली. शेवटची तारीख गेली तेव्हा अण्णांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही. मला कुणी नाकारलं नव्हतं. माझा अर्जच गेला नव्हता.

वजनाला सवलत मागता येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हॉपर यांची गोष्ट तेव्हा वाचली असती तर अर्ज पाठवला असता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर कदाचित नाही. ज्या बाईला विचारायचं धाडस होतं तिची गोष्ट वाचून विचारायचं धाडस येतंच असं नाही. पण चपला काढून दुसरं नाणं तरी टाकलं असतं.

हॉपर यांचं पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण ते वाचून मी अडखळले. जून १९४४ मध्ये त्या अधिकारी झाल्या आणि त्यांना हार्वर्डला मार्क वन नावाच्या गणनयंत्रावर पाठवलं. ५१ फूट लांबीचं धूड. रात्रंदिवस नौदलाची गणितं करायचं. त्याच उन्हाळ्यात जॉन फॉन नॉयमन नावाचे थोर गणिती तिथे एक प्रश्न घेऊन आले. बाहेरून आत दाबत जाणाऱ्या स्फोटाचं गणित. कशासाठी हवंय ते यंत्र चालवणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नागासाकीवर जो बॉम्ब पडला तो त्याच तत्त्वावरचा होता.

मी तेहतीस वर्षं मुलांना कॅल्क्युलस शिकवलं. समीकरण सुटलं की आनंद होतो, तो निर्मळ असतो असंच मी मानत आले. शाळेत पहिली आलेली, कमी वजनाची, हट्टाने सैन्यात शिरलेली एक गणिताची बाई माझ्या मनात पाच मिनिटं सखी झाली होती, आणि सहाव्या मिनिटाला नागासाकी आलं. मी तिला मनातून काढू शकले नाही आणि ते गणितही नजरेआड करू शकले नाही. दार उघडलं ते युद्धाने उघडलं. माणसं कमी पडली म्हणून उघडलं. त्या दारातून आत गेलेल्यांचं शिकणं, त्यांची जिद्द, त्यांची रांगेतली चाल, हे सगळं खरं. आणि ज्या कामासाठी त्यांना आत घेतलं तेही तितकंच खरं. या दोन्हींची बेरीज मला येत नाही.

आणि दार सगळ्यांना एकदम उघडलंही नाही. दोन वर्षांहून जास्त काळ या शाळेत एकही कृष्णवर्णीय स्त्री नव्हती. शाखेच्या प्रमुख मिल्ड्रेड मॅकॅफी मागे लागल्या होत्या, नौदलमंत्री फ्रँक नॉक्स तयार नव्हते. १९४४ च्या वसंतात नॉक्स वारले, नव्या मंत्र्यांनी प्रश्न पुन्हा वर नेला आणि ऑक्टोबरात रूझवेल्ट यांनी मान्यता दिली. तोवर इथली शेवटची तुकडी सुरू व्हायला आली होती. हॅरिएट आयडा पिकन्स आणि फ्रान्सेस विल्स या दोघी धावत येऊन त्या तुकडीत दाखल झाल्या. २१ डिसेंबर १९४४ ला अधिकारी झाल्या. पिकन्स तर स्मिथच्याच पदवीधर, १९३० च्या. चौदा वर्षांपूर्वी ज्या आवारात पुस्तकं घेऊन फिरल्या तिथेच आता त्यांना जिन्याला लॅडर म्हणायचं होतं. दोघींचा एक फोटो नौदलाने जपला आहे. दोघी गणवेशात, एका सूटकेसवर वाकलेल्या, झाकण दाबून बंद करताहेत आणि हसताहेत. प्रवासाला निघताना बॅगेवर बसून ती बंद करणाऱ्या कुठल्याही दोन बहिणींसारख्या.

त्याच वर्षांत आपल्याकडेही रॉयल इंडियन नेव्हीत स्त्रियांची शाखा होती. सेकंड ऑफिसर कल्याणी सेन यांचा १९४५ मधला स्कॉटलंडच्या रोसाइथ बंदरातला फोटो मी पूर्वी कधीतरी पाहिला होता. ब्रिटिश अधिकारी बाई स्कर्टमध्ये आणि शेजारी कल्याणीबाई साडीत. ती शाखा युद्धाबरोबर मिटली. पुढची दारं उघडायला १९९२ उजाडलं. आणि २०१७ च्या सप्टेंबरात, त्याच मांडवीच्या काठावरून, आपल्या नौदलातल्या सहाजणी तारिणी नावाच्या गोव्यातच बांधलेल्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. मी तेव्हा टीव्हीसमोर उभी होते, हातात कणकेचं भांडं. अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. मला त्यांना हाक मारावीशी वाटली.

परत यायला आठवडा उरला तेव्हा मी लेकीला म्हटलं, “त्या दुकानात एकदा जाऊन येऊ या का?”

“फोटोसाठी?” तिने लगेच विचारलं. तिला सगळं कळत होतं.

खोकं तिथेच होतं. फोटो नव्हता. दोनदा पाहिलं. लेकीने दुकानदाराला विचारलं. वयस्क गृहस्थ, त्यांनी शांतपणे दुसरं खोकं काढलं, तिसरं काढलं. तिसऱ्यात तो निघाला. कुणीतरी घ्यायला काढून, विचार बदलून भलतीकडेच ठेवला असणार. मी चष्मा वर सरकवून, उजेडाला धरून पाहिला. चौथी रांग. तीच ती. टोपीखालून थोडे केस सुटलेले, ओठ मिटलेले. इतके दिवस मी तिचा नुसता उजवा पाय मनात घेऊन बसले होते. आता नीट पाहिलं तर तो पाय पुढे पडलेला नव्हताच. तो डाव्याच्या टाचेशी होता. चवडा टेकलेला, टाच उचललेली. शेजारणींपेक्षा तिचं अंग किंचित पुढे झुकलेलं. नजर सरळ. खाली पाहत नव्हती ती.

कॅमेऱ्याने नेमका तो ठोका पकडला होता का? की तिला नुसती ठेच लागली होती? फोटोत पुढचं पाऊल नसतं.

दुकानदाराने फोटो तपकिरी पाकिटात घातला आणि चार डॉलर घेतले. बाहेर बारीक पाऊस पडून गेला होता, फुटपाथवर पानं चिकटली होती. एल्म स्ट्रीटने आम्ही घरी निघालो. लेक बापाच्या वळणावर गेली आहे, उंच, ढांगा टाकत चालते, आणि मी नेहमीप्रमाणे अर्धं पाऊल मागे. तिच्या बुटांचा आवाज, मागोमाग माझ्या. गिलेटच्या पायऱ्यांसमोर आलो तेव्हा माझा डावा पाय पडला, मी उजवा त्याच्या टाचेशी टेकवला आणि पुन्हा डावा पुढे टाकला. ओल्या पानांवर किंचित घसरलेच.

लेकीने पटकन माझा दंड धरला. “काय झालं गं? पाय मुरगळला?”

“नाही,” मी म्हटलं. “चल तू. थांबू नकोस.”